दाखवणारी वाट, लपवणारी वाट

नोव्हेंबर लागला की सरोजिनी नगरच्या बाजारातले ढीग पालटतात. सुती कुर्ते मागे सरतात आणि निर्यातीतून उरलेली, लेबलं कापलेली जाड जॅकेटं, लोकरी टोप्या, हातमोजे पुढे येतात. ते उलटसुलट करून पाहणाऱ्यांत कॉलेजातली मुलं पुष्कळ. भाव करता करता त्यांची बोलणी चालू असतात. कुणी केदारकंठाला निघालेलं असतं, कुणाला मे महिन्यात सर पास करायचा असतो. ते साहजिकच आहे. इथून मेट्रोने तिसऱ्या स्थानकावर उतरलं की बेनितो हुआरेझ मार्गावर इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनचं मुख्यालय, शेजारच्या चाणक्यपुरीत यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं. दिल्लीच्या या कोपऱ्यात डोंगर म्हटला की हिमालय. ज्यांचा खिसा जरा मोठा, त्यांच्या तोंडी पेरू देशातली इंका वाट. सरकारी क्वार्टरांत वाढलेल्या मराठी मुलांनाही माचू पिचूचं चित्र ओळखता येतं. संजीवनी माची कुठल्या गडाला आहे असं विचारलं, की मात्र ती आईबाबांकडे पाहतात.

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. इंका वाटेचं कौतुक रास्त आहे, आणि ते का रास्त आहे हे नीट कळलं तर आपल्याकडच्या एका वाटेकडे पाहायची नजर मिळते. ती वाट म्हणजे राजगडावरून निघून, तोरण्याला लागून, घाट उतरून रायगडावर पोचणारी चार-पाच दिवसांची चाल. महाराष्ट्रातली गिर्यारोहण मंडळं हिवाळ्यात ही भटकंती नेतात, आणि ती अवघड म्हणून गाजलेलीही आहे. तिच्या अवघडपणावर बरंच बोललं जातं, तिच्या रचनेवर फार कमी. वाट ही घडवलेली गोष्ट असते. कुठे वळावं, कुठे दम लागू द्यावा, समोरचं केव्हा दिसू द्यावं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, कधी माणसाने, कधी डोंगराने. म्हणून एखाद्या कवितेचं किंवा बंदिशीचं करतात तसं वाटेचंही रसग्रहण करता येतं.

आधी इंका वाट. कुस्कोकडून माचू पिचूला जाणाऱ्या रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरपाशी ती सुरू होते. चार दिवस, तीन मुक्काम, साधारण ४२-४३ किलोमीटर. पहिल्या दिवशी उरुबांबा नदीच्या खोऱ्यात पाताल्याक्ता दिसतं. उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली शेतं आणि त्यांच्यावर वस्तीचे अवशेष. दुसऱ्या दिवशी सुमारे ४,२०० मीटरवरची वार्मिवान्युस्का खिंड. इथे पाहण्यासारखं बांधकाम नाही, फक्त चढ आणि विरळ हवा. खिंडीपलीकडे रुंकुराकाय, लहानसं आणि गोलाकार. मग कड्याच्या नाकावर बसलेलं सायाकमार्का, ज्यात शिरायला एक अरुंद दगडी जिना. पुढे खडकात खोदलेला बोगदा, उंचावरचं फुयुपातामार्का आणि त्यातली दगडी कुंडं. शेवटच्या मुक्कामाजवळ विन्याय वायना, जिथे शेतीचे टप्पे, घरं आणि पाण्याची कुंडं एकाच उतारावर मांडली आहेत. चौथ्या सकाळी इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, आणि तिथून खाली माचू पिचू.

ही नुसती अवशेषांची यादी नाही. प्रत्येक ठिकाण आधीच्यात काहीतरी भर घालतं. पाताल्याक्ताला टप्प्यांची शेती कळते, सायाकमार्काला कड्यावर बांधण्याची जिद्द, फुयुपातामार्काला पाणी खेळवण्याची कला. विन्याय वायनापर्यंत चालणाऱ्याची नजर तयार झालेली असते. मग सूर्यद्वारातून संपूर्ण शहर एकदम समोर येतं, आणि तेही वरून. घरं, चौक, शेतीचे टप्पे, मागे उभं ह्वायना पिचू. ज्यांना चाक ठाऊक नव्हतं आणि घोडा मिळाला नव्हता, त्यांनी माणसांच्या आणि लामांच्या पावलांसाठी दगडी पायऱ्यांची ही वाट बांधली. पंधराव्या शतकाच्या मध्यावर, पाचाकुतीच्या काळात उभ्या राहिलेल्या या शहरात पाहुण्याला आणायचं कसं, याचा विचार वाटेत मुरलेला आहे. ती वाट दाखवत दाखवत नेते.

आता आपली वाट. दिल्लीहून निघणाऱ्याला तिची प्रस्तावना आयती मिळते. हजरत निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस आग्र्यावरून पुण्याला जाते. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, ते वेषांतर करत, आडवाटांनी, मोगलांची नजर चुकवत राजगडाला पोचले. गाडी हेच अंतर एका दिवस-रात्रीत कापते. खिडकीतून चंबळचे ओहोळ, मग नर्मदा, मग तापी दिसत जाते आणि एवढा मुलूख माणसाने लपत पार केला, या विचाराने राजगडाचा पहिला चढ चढण्याआधीच त्या गडाचं महत्त्व अंगात उतरतं. पंचवीसेक वर्षं हीच राजधानी होती. सईबाई इथेच गेल्या, राजाराम महाराज इथेच जन्मले. अफझलखानाची मोहीम, सुरतेची स्वारी, पुरंदरचा तह, आग्र्याचा दरबार, या सगळ्या वर्षांत राज्याचं घर हे होतं.

राजगडावर चढायला वाटा अनेक. गुंजवण्याकडून चोरदिंडीने येणारी वाट लोकप्रिय आहे, कारण ती जवळची. माझं मत पाली दरवाज्याच्या बाजूने. ती वाट रुंद, पायऱ्या खोदलेल्या, पालखीची आणि हत्तीची. पहिला दरवाजा उंच आणि भरपूर रुंद आहे. तो ओलांडला की वाटतं, आलो. पण वाट वर जाते, पुन्हा वळते, आणि दुसरा दरवाजा उभा राहतो, पहिल्यापेक्षा भक्कम, दोन्ही बाजूंना बुरूज घेऊन. राजमार्ग म्हणून पाहुण्याला मान दिला खरा, पण त्याच्यावर नजर ठेवायचं काम एक क्षणही थांबलेलं नाही. या वाटेचा स्वभाव पहिल्याच तासात असा कळतो.

या स्वभावामागे लिहिलेला विचार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. गडाला एकच दरवाजा असणं हा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात, असं ते सांगतं. दरवाजा खालून होणाऱ्या माऱ्यापासून चुकवून बांधावा, पुढे बुरूज द्यावेत आणि येण्याजाण्याचा रस्ता बुरुजांच्या आवाक्यात राहावा, असंही सांगतं. राजगड-रायगड बांधून झाल्यावर काही दशकांनी लिहिलेला हा मजकूर म्हणजे त्या बांधकामांतून आलेल्या शहाणपणाची नोंद आहे. सह्याद्रीतल्या गडाची वाट म्हणजे येणाऱ्याची परीक्षा घेण्याची व्यवस्था, हे त्यातून उघड होतं.

राजगडाचा बालेकिल्ला, पद्मावतीचं तळं, सुवेळा माचीवरचं नेढं, यांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गवेड्याने या गडावर जीव लावला, त्यामुळे राजगडाचं वाचन आपल्याकडे चांगलं झालं आहे. म्हणून इथे फक्त संजीवनी माचीपाशी थांबतो, कारण आपली वाट तिच्यातूनच बाहेर पडते.

माची म्हणजे डोंगराची लांब सोंड, तटाने बांधून घेतलेली. संजीवनी जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे आणि तीन टप्प्यांत उतरत जाते. तिचं खरं वैभव दुहेरी तटात आहे. बाहेरचा तट आणि आतला तट यांच्यामध्ये चिंचोळी मोकळी जागा, आणि बुरुजाच्या पोटात बुरूज. यांना चिलखती बुरूज म्हणतात. आतल्या अरुंद दिंडीतून वाकून उतरलं की माणूस दोन भिंतींच्या मध्ये येतो. डोक्यावर आकाशाची एक पट्टी उरते. इथे उभं राहिल्यावर रचनेचा हेतू कळतो. शत्रूने तोफा लावून बाहेरचा तट पाडला, तरी तो आत येतो तो या सापळ्यात, आणि वरून आतल्या तटावरचा माणूस त्याला पाहत असतो. हरलेली भिंतसुद्धा उपयोगी पडावी, असा हा विचार. तटाच्या जंग्यांतून, म्हणजे मारा करायला ठेवलेल्या भोकांतून, खाली पाहिलं की उतार दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र त्या जंग्या सहज ओळखू येत नाहीत.

माचीवर ठिकठिकाणी पाण्याची टाकी आहेत. सह्याद्रीच्या गडबांधणीतली माझ्या मते सर्वांत सुंदर युक्ती इथे दिसते. काळा कातळ खोदून दगड काढला, तो तटाला लावला, आणि जो खड्डा उरला त्यात पावसाचं पाणी साठवलं. तट आणि पाणी एकाच खाणीतून निघालं. माचू पिचूतही दगडाची खाण शहरातच आहे. पण तिथे दगड ग्रॅनाइटचा, चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेला, आणि पाणी झऱ्यावरून दगडी पन्हाळीने आणलेलं. दोन संस्कृतींनी डोंगरमाथ्यावर वसताना विचारलेले प्रश्न तेच होते: दगड कुठून आणायचा आणि पाणी कुठे ठेवायचं. उत्तरं आपापल्या डोंगराने सुचवली.

संजीवनीच्या बाजूच्या तटात अळू दरवाजा आहे. तोरण्याकडे जाणारी वाट इथून बाहेर पडते. दरवाज्यावर वाघाने सांबर उताणं पाडल्याचं शिल्प आहे. गडात शिरणाऱ्याला ते इशारा देतं. आपण गडातून बाहेर पडताना ते मागे वळून पाहतो, आणि त्याचा अर्थ जरा बदलतो: इथून पुढे तटाचं संरक्षण संपलं.

पुढे धार. राजगड आणि तोरणा यांना जोडणारी ही डोंगररांग दिवसभर चालायची. कधी कारवीचं दाट रान, कधी उघडा माथा, कधी बाजूच्या उतारावरून जाणारी ढोरवाट, मध्ये एखादं धनगराचं घर आणि तिथलं ताक. मध्यावर खिंडीतून डांबरी रस्ता आडवा जातो. चालण्याची तंद्री तिथे मोडते, पण तेवढंच. या भागाची रचना माणसाने केलेली नाही, ती डोंगराची. तरी तिच्यात एक शिस्त आहे. राजगड पाठीमागे हळूहळू संपूर्ण होत जातो. गडावर असताना तो कधीच सगळा दिसत नाही. तीन माच्या आणि मध्ये उंच बालेकिल्ला हा त्याचा आकार कळायला त्याच्यापासून दूर जावं लागतं. समोर तोरणा वाढत असतो, त्याच्या बुधला माचीचा सुळका पुढे काढून. शेवटचा टप्पा कातळाचा आहे, तिथे लोखंडी शिडी आहे, आणि पाठीवर सॅक असताना तिथे घाई करून चालत नाही.

तोरणा सुमारे १,४०० मीटर उंच, पुणे जिल्ह्यातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच. शिवाजी महाराजांनी कोवळ्या वयात घेतलेला हा पहिला मोठा गड. परंपरा सांगते की इथे सापडलेलं धन राजगडाच्या बांधणीला लागलं. म्हणजे आपली वाट कथेच्या क्रमाने जात नाही. आधी तयार राजधानी, मग तिच्या आधीचा आरंभ, मग अखेरची राजधानी. मधल्या प्रकरणात पूर्वकथा यावी तसं हे घडतं. पण मेंगाईच्या देवळाजवळ मुक्काम केला आणि सकाळ निरभ्र मिळाली, की या उलट्या क्रमाचं मोल कळतं. पूर्वेला आपण सोडून आलेला राजगड, पश्चिमेला धुक्याच्या वर लिंगाण्याचं टोक आणि त्याच्यामागे रायगडाचा पुसट, सपाट माथा. जिथून आरंभ झाला तिथे उभं राहून दोन्ही राजधान्या एकाच नजरेत येतात. इतिहासाच्या पुस्तकात या तीन गडांमध्ये कितीतरी पानांचं अंतर असतं.

तोरण्याहून पश्चिमेला उतरून गेळगाणीच्या अंगाने सिंगापूर-मोहरीकडे जाणारा दिवस लांबट आहे आणि त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पाय चालतात, गावं विरळ होतात, पुण्याचा आवाज मागे पडतो. मोहरी हे घाटमाथ्याच्या अगदी काठावरचं गाव. इथे कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी आणि ओसरीवर अंथरूण मिळतं. मोहरीजवळच्या रायलिंग पठारावर मात्र सगळी घाई टाकून जावं.

पठार एकाएकी संपतं. समोर, दरीपलीकडे, लिंगाणा. उभा सुळका, त्याच्या कातळात खोदलेल्या गुहा आणि टाकी. पूर्वी इथे कैदी ठेवत. आणि त्याच्यामागे, आता पुसट नाही, ठसठशीत रायगड. सरळ तुटलेले कडे, वर सपाट माथा. इंका वाटेला सूर्यद्वार आहे, तसं या वाटेचं दर्शनस्थळ रायलिंग. फरक पुढे आहे. सूर्यद्वारातून दिसलेलं शहर शेवटच्या पावलापर्यंत दिसत राहतं, आणि माणूस त्याच्याकडे उतरत जातो. रायलिंगवरून दिसलेला रायगड दुसऱ्या दिवशी नाळेत पाऊल टाकल्याबरोबर नाहीसा होतो.

घाटमाथ्यावरून कोकणात उतरायला इथे बोराट्याची नाळ आणि सिंगापूरची नाळ अशा दोन वाटा. बोराट्याची अधिक तीव्र; घसारा, धोंडे, मधले कातळटप्पे. सिंगापूरची त्या मानाने सौम्य, पण तीही पाय मोजून टाकायला लावते. नाळ म्हणजे पावसाच्या पाण्याने कड्यात पाडलेली चीर. हजारेक वर्षं देश आणि कोकण यांच्यामधला माल, माणसं आणि बातम्या अशाच चिरांतून चढल्या-उतरल्या. आत शिरलं की दोन्ही बाजूंना भिंती, खाली दगड, वर आकाशाची पट्टी. संजीवनी माचीच्या दोन तटांमध्ये माणसांनी जे बांधलं, ते डोंगराने इथे आधीच बांधून ठेवलेलं आहे. या मुलखात राहून गड बांधणाऱ्यांनी हे पाहिलं असणार, असं इथे मनात येतंच.

कोकणात उतरल्यावर झाडी, ओढे, उकाडा, आणि रायगड कायम मान वर करून पाहायचा. पायथ्याला पाचाड, जिजाबाईंचा वाडा आणि समाधी. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्या गेल्या. इथे थांबल्याशिवाय वर जाऊ नये.

वर जायला चित्त दरवाज्याच्या बाजूने सुमारे १,४५० पायऱ्या, किंवा नाणे दरवाज्याची जुनी वाट. दोन्ही पुढे एक होतात. चढताना प्रत्येक वळणावर वाटतं की आता दरवाजा दिसेल. तो दिसत नाही. उंच तट दिसतो, एक बुरूज दिसतो, मग दुसरा, आणि वाट त्या दोन बुरुजांच्या मिठीत शिरते. शेवटच्या वळणावर महादरवाजा अगदी पुढ्यात येतो. ७५ आणि ६५ फूट उंचीच्या बुरुजांनी तो झाकून घेतलेला आहे. ही गोमुखी बांधणी. दरवाज्यासमोर मोकळी जागा ठेवलेलीच नाही, त्यामुळे हत्तीला धाव घेता येत नाही, ओंडका आपटता येत नाही, आणि तिथे पोचलेल्या माणसावर तिन्ही बाजूंनी मारा होऊ शकतो. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेली कमळं आहेत. इतक्या कठोर व्यवस्थेच्या अगदी टोकाला ही नाजूक कोरणी आहे. ज्याला आत घ्यायचं त्याचं स्वागत कमळांनी होतं, आणि ज्याला नाही तो ती पाहण्याइतका जवळ येतच नाही.

हा या वाटेचा उत्कर्षबिंदू. ती रायलिंगवर एकदा सगळं दाखवते, मग नाळेत गड आणि चढावर दरवाजा लपवते, आणि अखेर हातभर अंतरावर आणून उघडते. इंका वाटेचा परिणाम विस्मयाचा आहे, आपल्या वाटेचा धाक आणि मग सुटका यांचा. सूर्यद्वारात माणूस थबकतो, कारण समोर खूप काही आहे. महादरवाज्यात तो थबकतो, कारण समोर काही दिसत नव्हतं आणि आता तो आत आहे.

ही विभागणी फार ताणू नये. इंकांनाही लपवणं ठाऊक होतं. माचू पिचूच्या पश्चिमेला कड्याला चिकटून गेलेल्या वाटेत त्यांनी मुद्दाम खंड ठेवला आणि त्यावर लाकडाचे ओंडके टाकले, गरज पडली की काढून घ्यायला. आणि दरवाज्याच्या आत गेल्यावर रायगडही मोकळा होतो. होळीचा माळ, समोरासमोर जोत्यांच्या दोन रांगांची बाजारपेठ, राजसभा. नगारखान्यापाशी हलक्या आवाजात बोललेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं, हे अजूनही पाहणारे करून बघतात. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीने आपलं नाव कोरलं आहे, तिथे येणाऱ्या प्रत्येकाचं पाऊल पडेल असं. इतकं मोठं बांधकाम करून नाव पायरीवर ठेवणाऱ्या माणसाचा स्वभाव त्यातून कळतो.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगड घेतला तो या वाटेने चढून नाही. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा झाला आणि गडावरचे वाडे जळाले. वाट लपवण्याची सगळी कला पायी येणाऱ्या शत्रूसाठी होती. दूर मारा करणाऱ्या तोफेला वाटच लागत नव्हती. माचू पिचूची गवती छपरं काळाने नेली, रायगडाची छपरं आगीने. आज वरची जोती पाहताना हा फरक लक्षात ठेवावा.

वाटाड्याबद्दल दोन शब्द. इंका वाटेवर परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. रोज ५०० माणसांनाच प्रवेश, त्यात मार्गदर्शक आणि हमाल धरून. म्हणजे प्रत्यक्ष पर्यटक दोनशेच्या आसपास. दर फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. आपल्याकडे शनिवार-रविवारी राजगड-तोरण्यावर रांगा लागतात, आणि नाळेत चिटपाखरू नसतं. तरीही नाळेतच वाटाड्या सर्वांत जास्त हवा. मोहरीचा माणूस कुठला धोंडा पावसाने हलला आहे हे सांगतो, ओढ्याला पाणी आहे का सांगतो, आणि वेळ पाहून दोन नाळांतली कुठली घ्यायची हे ठरवतो. त्याला दिलेले पैसे त्या वाटेच्या देखभालीतच जातात, असं समजावं. गडावरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, ते आधी विचारून घ्यावेत. जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

रायगडाला रोपवे १९९६ पासून आहे, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तो असलाच पाहिजे. माचू पिचूलाही बस जाते, आणि चार दिवस चाललेला माणूस शेवटी तिकीट काढून आलेल्या गर्दीत मिसळतो. पण ज्याचे गुडघे धड आहेत, त्याने रोपवेने वर जाणं म्हणजे नाटकाला तिसऱ्या अंकात येऊन बसणं. उतरताना खुशाल रोपवे घ्यावा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत राजगड आहे, रायगड आहे. तोरणा नाही, आणि त्यांना जोडणारी धार, मोहरीचा काठ, नाळा, यांतलं काहीच नाही. इंकांच्या बाबतीत माचू पिचू १९८३ मध्ये यादीत आलं आणि २०१४ मध्ये त्यांच्या रस्त्यांचं जाळंही आलं. सहा देशांनी मिळून ते मांडलं होतं. रस्ता हाही वारसा आहे, हे तिथल्या सरकारांनी मान्य केलं. आपल्याकडे अजून गड हे ठिपके आहेत आणि त्यांच्यामधली रेघ चालणाऱ्यांच्या पायांवर सोडलेली आहे. राज्य सरकारने राजगड-तोरणा-रायगड ही वाट वारसा-वाट म्हणून आखावी, वाटाड्यांची नोंदणी करावी, रोजची संख्या ठरवावी. त्यासाठी मोठं बांधकाम लागत नाही. उलट, काही बांधू नये हेच बरं.

आणि दिल्लीतल्या मराठी घरांना एक सुचवणं. सरकारी नोकरीतल्या होमटाऊन एलटीसीच्या प्रवास-सवलतीवर आपण गावी जातोच. पुढच्या खेपेला त्यातले पाच दिवस या वाटेसाठी काढा, मोठ्या मुलांना बरोबर घ्या, जॅकेट सरोजिनी नगरच्याच बाजारातून घ्या, बूट मात्र चांगले घ्या. मुलांनी मग माचू पिचूला अवश्य जावं. राजगड ते रायगड चाललेल्या माणसाला इंका वाट अधिक कळते, एवढं मी खात्रीने सांगतो.